थिबा राजाचा पांढरा हत्ती बार्नमच्या सर्कशीत: त्या काळी सर्कशींना नवलाची जनावरं कोण पुरवायचं?

कोकणी_वारा
रत्नागिरीत थिबा राजवाडा बघितलाय त्यांना त्या राजाची गोष्ट नव्याने सांगायला नको. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेतून हलवला, मद्रासमार्गे एप्रिल १८८६ ला आमच्या गावात आणून ठेवला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला. टेकडीवरच्या त्या वाड्यात तर तो शेवटची सहाएक वर्षंच राहिला.

पण गादी जायच्या जेमतेम दोन वर्षं आधी याच थिबाचं नाव अमेरिकेत सर्कशीच्या जाहिरातींत छापून येत होतं, हे रत्नागिरीतही फार जणांना माहीत नाही. पी. टी. बार्नम हा तिकडचा शोमन, आधी न्यूयॉर्कमध्ये म्युझियम चालवायचा, १८७१ पासून सर्कशीत उतरला, आणि त्याला पांढरा हत्ती हवा होता. आता मंडालेत पांढरा हत्ती म्हणजे काय तर राजाच्या राजेपणाची खूण, त्याला स्वतःचा वाडा, सोन्याच्या छत्र्या, नोकरचाकर, खर्चासाठी एका प्रांताचा महसूल लावून दिलेला. असा हत्ती कोण कशाला विकेल? बार्नमचा माणूस गेलॉर्ड तरीही पूर्वेला फिरत राहिला. बार्नमच्या सांगण्यानुसार आधी सयाममध्ये एक मिळाला होता, पण निघायच्या आधीच त्याच्यावर विषप्रयोग झाला. मग ब्रह्मदेशातून तौंग तालौंग नावाचा हत्ती मिळाला, तो जानेवारी १८८४ मध्ये लंडनला पोचला, तिथल्या झूमध्ये काही आठवडे लोकांना दाखवला आणि मार्चमध्ये न्यूयॉर्कला उतरला. बार्नमने सोबत राजाच्या नावची कागदपत्रं छापली, बरोबर ब्रह्मी सेवक आणले, सगळं साग्रसंगीत.

आणि लोकांनी हत्ती बघून तोंड वाकडं केलं! कारण तो पांढरा नव्हताच. अंग राखाडी, कपाळावर, कानांवर, सोंडेवर गुलाबीसर फिकट चट्टे. लंडनच्या पेपरांनी खिल्ली उडवली. म्हणजे जे जनावर मंडालेत खरं ठरलं असतं ते लंडनमध्ये खोटं ठरलं.

मला या व्यवहाराची देणारी बाजू समजून घ्यायची आहे. सर्कसवाल्यांबद्दल ढीगभर वाचायला मिळतं, पण त्यांच्या दारात जनावर घेऊन जाणारा माणूस कोण असायचा, खलाशी, कोळी, शेतकरी, राजे? ज्यांना काही माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

मुक्ताई
किती छान विषय. वाचतेय. थिबाच्या थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच राहिली आणि मराठी बोलायची एवढंच माहीत होतं, हत्तीचं पहिल्यांदाच ऐकलं.

गुरांचा_डॉक्टर
हत्तीबद्दल थोडं. त्याचं पांढरं म्हणजे चुन्यासारखं पांढरं कधीच नसतं. कातडीतलं रंगद्रव्य कमी, त्यामुळे रंग फिकट तांबूस किंवा मातकट दिसतो, डोळे फिके, पापण्यांचे केस फिके, नखं पांढरी. ब्रह्मी जाणकारांच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. अंगावर पाणी ओतायचं, पांढऱ्या जातीचा असेल तर कातडी लालसर दिसते, साधा असेल तर आणखी काळी दिसते. पायाची नखं मोजायची. साधारण हत्तीला पुढच्या पायांना पाच पाच आणि मागच्यांना चार चार म्हणजे अठरा नखं, ह्याला वीस असली तर मान मोठा. म्हणजे वरवर बघून ठरवायची गोष्टच नव्हती ती. इंग्लंड-अमेरिकेतल्या तिकीट काढून आलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगितलं असतं तर त्याने तोच हत्ती तासभर उभं राहून बघितला असता असं मला मनापासून वाटतं.

परदेशी_पाखरू
मी फिलाडेल्फियाजवळ राहते, त्यामुळे या हत्तीच्या गोष्टीचा दुसरा भाग मला सांगायलाच हवा. बार्नमचा कट्टर स्पर्धक अ‍ॅडम फोरपॉ इथलाच. बार्नम पांढरा हत्ती आणतोय हे कळल्यावर त्याने काय करावं, लिव्हरपूलहून एक साधा हत्ती मागवला आणि बार्नमच्या हत्तीच्या आधीच मार्च १८८४ मध्ये इथे उभा केला, नाव ‘लाइट ऑफ एशिया’. आणि हा मात्र लोकांना हवा तसा पांढराशुभ्र, कारण तो रंगवलेला होता! अंगावर मखमलीची झूल, बघायला फक्त तोंड, पाय आणि शेपूट उघडं, लोकांना जवळ जाऊ देत नसत. एका बातमीदाराने, केनीली त्याचं नाव, ओला स्पंज घेऊन हत्तीपर्यंत पोचून एक जागा पुसली आणि खालची राखाडी कातडी बाहेर आली, मग पेपरात बातमी. तरी लोक फोरपॉकडेच जात राहिले. बार्नमने चिडून एक साधा हत्ती मुद्दाम पांढरा फासून मिरवणुकीत काढला, बघा असं करतात म्हणून. ज्याच्याकडे अस्सल हत्ती होता त्याच्यावर ही वेळ आली.

हंगाम संपल्यावर फोरपॉने जाहीर केलं की ‘लाइट ऑफ एशिया’ थंडीने मेला. हत्ती मेला नव्हता, फक्त रंग काढला. तोच पुढे सोंडेला बॉक्सिंगचं ग्लोव्ह बांधून जॉन एल. सलिव्हन या नावाने, म्हणजे त्या काळच्या बॉक्सिंग चॅम्पियनच्या नावाने, खेळ करायला लागला, म्हातारपणी सगळे त्याला ‘ओल्ड जॉन’ म्हणायचे. १९२२ मध्ये त्याला न्यूयॉर्कहून सोमर्स नावाच्या गावापर्यंत चालवत नेलं होतं, तिथे ओल्ड बेट नावाच्या हत्तिणीचं स्मारक आहे. ती अमेरिकेत गावोगाव फिरवलेल्या पहिल्या हत्तींपैकी, हॅकलाया बेली नावाच्या माणसाची, १८१६ मध्ये मेन राज्यात एका माणसाने तिला गोळी घालून मारलं.

आणि अमेरिकेतला पहिला हत्ती तर आपल्याकडचाच. १७९६ मध्ये जेकब क्राउनिनशील्ड नावाच्या कप्तानाने कलकत्त्याहून जहाजात घालून नेला, तिकडे साडेचारशे डॉलरला घेतला आणि इकडे दहा हजारांना विकला. बाकीच्यांनी पुढे शंभर वर्षं ते गणित डोक्यात ठेवलं असणार.

कोकणी_वारा
पाखरूताई, रंग पुसल्याची गोष्ट वाचून खरंच वाईट वाटलं, हसू आलं नाही. तौंग तालौंगचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. २० नोव्हेंबर १८८७ च्या रात्री बार्नमच्या ब्रिजपोर्ट इथल्या हिवाळी मुक्कामाला आग लागली, त्या आगीत तो गेला. त्या वेळी थिबा इथे रत्नागिरीत होता. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही.

टिंबटिंब
पण राजाने स्वतःहून विकला असेल हे पटत नाही हो. ज्याच्या पदव्यांतच पांढऱ्या हत्तींचा धनी असं होतं तो राजा एका सर्कसवाल्याला हत्ती देईल?

कोकणी_वारा
शंका रास्त आहे. मी असं बघतो की थिबाची तिजोरी तेव्हा रिकामी होत चाललेली, पैसे उभे करायला सरकारने लॉटऱ्या काढल्या होत्या, खालचा ब्रह्मदेश इंग्रजांनी १८५२ मध्येच घेतलेला, म्हणजे समुद्र आणि बंदरं हातची गेलेली. अशा दरबारातून काहीही विकलं जाऊ शकतं, राजाच्या हाताने किंवा त्याच्या नावाने. आणि दरबाराचा मुख्य हत्ती मंडालेतच होता, बार्नमला दिला तो दुसरा. पण तिकडे जाहिरातीत दोन्हींचा फरक सांगायची कोणाला गरज होती, पवित्र म्हटलं की तिकीट खपायचं.

मुक्ताई
आता माझी भर. मी काही वर्षं हॅम्बुर्गला होते. तिथलं हागेनबेक हे नाव प्राणिसंग्रहालयामुळे सगळ्यांना माहीत असतं, १९०७ चं आहे ते, पिंजऱ्यांऐवजी खंदक करून प्राणी मोकळे ठेवलेले दाखवायची पद्धत तिथूनच पसरली. पण सुरुवात कशी झाली ती तुमच्या प्रश्नाचं अगदी नेमकं उत्तर आहे.

ते प्राणिसंग्रहालय काढणाऱ्या कार्ल हागेनबेकचा बाप गॉटफ्रीड हा साधा मासेविक्या, संक्त पाउली भागात दुकान. त्याचा एल्बे नदीतल्या कोळ्यांशी करार होता की जाळ्यात येईल तो सगळा माल त्याला द्यायचा. १८४८ मध्ये स्टर्जन माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत सहा सील सापडले, आणि करार म्हणजे करार, कोळ्यांनी तेही आणून दिले. आता मासेवाला सीलचं काय करणार? त्याने लाकडी कपडे धुवायच्या टबांत ते ठेवले आणि थोडेसे पैसे घेऊन लोकांना दाखवायला लागला. गर्दी झाली. मग तेच बर्लिनला नेऊन दाखवले. त्यानंतर खलाशी आणि कोळी आपणहून त्याच्याकडे यायला लागले, अस्वल आहे घेता का, पोपट आहे घेता का. मुलगा कार्ल तेव्हा चार वर्षांचा. पुढे हाच कार्ल जगातला सगळ्यात मोठा प्राणी-व्यापारी झाला, बार्नमलाही तोच माल पुरवायचा.

१८७० चा एक प्रसंग आहे, लोरेन्झो कॅसानोव्हा नावाचा इटालियन सुदानातून जनावरं आणायचा, तो सुएझला आजारी पडला आणि त्याने हागेनबेकला कळवलं की माझा सगळा माल घेऊन जा. कार्ल गेला तर हत्ती, जिराफ, सिंह, शहामृग सगळं एकत्र, आणि पिल्लांना दूध पाजायला शेळ्यांचा अख्खा कळप. हे सगळं रेल्वेने अलेक्झांड्रिया, तिथून बोटीने त्रिएस्त, आणि परत रेल्वेने युरोपभर. बिचारा कॅसानोव्हा अलेक्झांड्रियातच वारला. शेळ्यांचं वाचून मी थांबले होते, कारण दूध लागतं म्हणजे पिल्लं आईवेगळी होती, आणि आई कुठे गेली हे मग विचारावंच लागतं.

टिंबटिंब
लंडनला चार्ल्स जॅमरॅक होता. रॅटक्लिफ हायवे म्हणून गोदीजवळचा रस्ता, तिथे त्याचं दुकान, जहाज लागलं की खलाशी माकड, पोपट, कासव काय असेल ते घेऊन थेट त्याच्याकडे. खलाशाला पगाराच्या वर चार पैसे सुटायचे आणि जॅमरॅक तेच पुढे फिरत्या पशुसंग्रहांना आणि सर्कशींना विकायचा. १८५७ मध्ये त्याच्याकडे आलेला एक बंगाली वाघ पेटीची मागची फळी मोडून रस्त्यावर आला. आठेक वर्षांचा मुलगा तिथे होता, त्याने एवढं मोठं मांजर कधी पाहिलंच नव्हतं म्हणून हात पुढे केला, वाघाने उचलला. जॅमरॅक स्वतः धावत जाऊन वाघाच्या मानेवर पडला, पहारीचे घाव घातल्यावर मुलगा सुटला, वाचला. मग बापाने दावा लावला, जॅमरॅकचे तीनशेएक पौंड गेले, त्यातले बहुतेक वकिलांच्या खिशात. आणि तो वाघ वॉम्बवेलच्या फिरत्या पशुसंग्रहाने तीनशे पौंडांना विकत घेतला, पोराला पळवणारा वाघ म्हणून दाखवायला! म्हणजे त्या मुलावर ओढवलेल्या प्रसंगानेच वाघाची किंमत वाढली.

वॉम्बवेल हाही मूळचा चपला शिवणारा, लंडनच्या गोदीत दोन अजगर ७५ पौंडांना घेतले, दारूच्या गुत्त्यांत दाखवून पैसे वसूल केले आणि धंदाच बदलला.

दख्खनी
सांगलीकर असल्यामुळे छत्र्यांचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही :) विष्णुपंत छत्रे, अंकलखोपचे. ग्वाल्हेरला जाऊन बाबासाहेब आपट्यांकडे घोड्यांची विद्या शिकले आणि हद्दू खाँकडे गाणं. १८७९ मध्ये इटालियन चियारिनीची सर्कस मुंबईत आली, छत्रे कुरुंदवाडच्या संस्थानिकांबरोबर बघायला गेले, आणि हिंदुस्थानात अशी सर्कस व्हायला अजून खूप काळ जावा लागेल असं चियारिनी म्हणाला, ते यांना लागलं, असं आमच्याकडे सांगितलं जातं. १८८० मध्ये मुंबईतच छत्र्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ झाला. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ पुढे वर्षानुवर्षं याच सर्कशीबरोबर फिरले, एकाच तंबूच्या आसऱ्याने वाघ-सिंह आणि तसलं गाणं. पुढे तलचेरीला छत्र्यांची कीलेरी कुन्हीकण्णन या कळरीच्या, म्हणजे केरळातल्या युद्धकलेच्या, गुरुजींशी गाठ पडली आणि केरळात सर्कशीची शाळा उभी राहिली, ती अख्खी परंपरा तिथून आलीय.

आता मूळ प्रश्न, जनावरं कोण देत होतं. आपल्याकडे संस्थानं. प्रत्येक संस्थानिकाकडे पिलखाना म्हणजे हत्तींचा तबेला, घोडदळ, शिकारीत सापडलेली वाघाची पिल्लं. कलकत्त्याच्या प्रोफेसर बोस यांच्या ग्रेट बंगाल सर्कशीला रेवाच्या महाराजांनी वाघाची जोडी भेट दिली, लक्ष्मी आणि नारायण, आणि सुशीला सुंदरी नावाची बाई हातात काठीसुद्धा न घेता वाघांच्या पिंजऱ्यात जायची. इथे खरेदी-विक्री नाही, राजा खूश झाला म्हणून देणगी. अमेरिकेतल्या आणि आपल्या सर्कशीतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आपल्याकडे सर्कस ही गाण्याबजावण्यासारखी राजाश्रयाची कला होती, निदान सुरुवातीला तरी.

चियारिनीचीच आणखी एक गोष्ट. तो पुढे जपानला गेला, तिथे टोकियोत १८८७ मध्ये त्याच्या वाघिणीला पिल्लं झाली. उएनोच्या प्राणिसंग्रहालयाकडे वाघ नव्हता. त्यांनी वाघाच्या पिल्लांच्या बदल्यात चियारिनीला होक्काइडोची अस्वलं दिली! दोघांनाही आपल्याकडे नसलेलं मिळालं.

शिवार
माझ्या आवडीचा विषय म्हणजे बार्नमचा नांगरणारा हत्ती, तो कोणी सांगितला नाही म्हणून मी सांगतो. १८५०-५१ मध्ये त्याने श्रीलंकेला जहाज पाठवून हत्ती पकडून आणले, ते अमेरिकाभर फिरवले. नंतर त्यातला एक ठेवून घेतला आणि ब्रिजपोर्टला स्वतःच्या बंगल्याजवळ, न्यूयॉर्क-न्यू हेवन रेल्वेच्या अगदी कडेला सहा एकराचा तुकडा होता तिथे नांगराला जुंपला. माहुताला पूर्वेकडचा पोशाख आणि हातात रेल्वेचं टाइमटेबल. गाडी यायची वेळ झाली की नांगर सुरू, गाडी गेली की बंद. खिडकीतल्या माणसांनी गावोगाव जाऊन सांगितलं, पेपरांत आलं, आणि मग त्याला देशभरातल्या शेतकी मंडळांच्या अध्यक्ष-सेक्रेटऱ्यांची पत्रं यायला लागली, हत्ती किती नांगरतो, काय खातो, किती वजन ओढतो, पिल्लू कोणत्या वयापासून स्वतःचं पोट भरण्याइतकं काम करतं, घेणं परवडेल का.

शेतकऱ्यांचे प्रश्न मला अजिबात वेडगळ वाटत नाहीत, बैलजोडी घ्यायच्या आधी आम्हीही हेच विचारतो. बार्नमला मात्र भीती वाटली की खरंच कोणी हत्ती घेऊन बसेल, म्हणून त्याने गुप्त असा शेरा मारून छापील उत्तरच तयार केलं की मला फायदा जाहिरातीत आहे, शेतीत नाही, हत्ती महाग पडतो, थंडीत काम करत नाही आणि जेवढं कमावेल त्याच्या कितीतरी पट खाईल. तो तुकडा म्हणे साठाहून जास्त वेळा नांगरून झाला होता. जमिनीचं काय झालं असेल देव जाणे.

शेतकऱ्यांच्या दारातून सर्कशीत जाणारं जनावर म्हणजे दुसरं काय, जादा पायाची गाय, दोन तोंडांचं वासरू. ती तिकडच्या साइड-शोत असायचीच. आपल्याकडे वशिंडावर जादा पाय लोंबणारा नंदी सजवून, कवड्यांच्या माळा घालून जत्रेत दारोदार येतो ना, लोक पाया पडतात, सुपातलं धान्य घालतात. जनावर तेच, तिकडे तिकीट लावून बघायचं, इकडे हात जोडून. आमच्या गावच्या जत्रेत लहानपणी मी असा नंदी अगदी हाताच्या अंतरावर बघितलाय. तो पाय हाडाचा होता पण त्यात जोर नव्हता, नंदी चालला की नुसता हलायचा, खुराला हळदकुंकू लावलेलं, आणि नंदीचं स्वतःचं सगळं लक्ष समोरच्या बाईच्या सुपाकडे.

परदेशी_पाखरू
शिवार, तुमच्या नंदीवरून आठवलं, आपली वशिंडाची साधी गुरं अमेरिकन सर्कशींच्या जाहिरातीत ‘हिंदुस्थानातल्या पवित्र गाई’ म्हणून असायची. जनावरापेक्षा त्याच्याबरोबर येणारी गोष्ट विकली जायची. म्हणूनच बार्नमला हत्तीबरोबर कागदपत्रं हवी होती.

आणि गोष्टच विकायची म्हटल्यावर जनावर नसलं तरी चालायचं. १८४२ मध्ये बोस्टनच्या मोझेस किंबॉलने बार्नमपुढे एक वाळकी ‘जलपरी’ ठेवली, वरून माकड खालून मासा, जपानी कोळ्यांच्या हातची कारागिरी. बार्नमने आठवड्याला साडेबारा डॉलर भाड्याने घेतली. ही आधी ज्या कप्तानाकडे होती, ईड्स त्याचं नाव, त्याने १८२२ मध्ये तिच्यासाठी चक्क जहाज विकलं होतं, आणि ते जहाज पूर्ण त्याच्या मालकीचंही नव्हतं. पुढचं आयुष्य कर्ज फेडण्यात गेलं त्याचं.

गुरांचा_डॉक्टर
आता जम्बोबद्दल लिहितो, कारण इथे देणारा म्हणजे खुद्द लंडन झू. जम्बो आफ्रिकन हत्ती, पॅरिसहून १८६५ मध्ये लंडनला गेंड्याच्या बदल्यात आलेला. मॅथ्यू स्कॉट हा त्याचा माहूत, दोघांचा जीव एकमेकांवर. पोरांना पाठीवर बसवून फेऱ्या मारायचा. मग वयात आल्यावर रात्री भिंतींवर धडका मारायला लागला, सुळे मोडून घेतले. झूचे अधीक्षक बार्टलेट यांना भीती की हा एखाद्या दिवशी पोरं पाठीवर असताना बिथरला तर. बार्नमच्या माणसाने विचारलं आणि झूने दोन हजार पौंडांना देऊन टाकला, १८८२. त्यावर इंग्लंडभर गहजब, मुलांनी राणीला पत्रं लिहिली, प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने विक्री ग्राह्य धरली. नेताना हत्ती रस्त्यातच आडवा झाला, पेटीत जाईना. बार्नमला तार गेली, त्याचं उत्तर असं की हवं तर आठवडाभर पडू दे, यापेक्षा चांगली जाहिरात नाही.

त्या काळच्या युरोपात नर हत्तीचा माज समजणारी माणसं फार कमी होती. आपल्याकडच्या कुठल्याही पिलखान्यातल्या माहुताने कानशिलावरचा स्राव बघून सांगितलं असतं की याला आता बांधा, खुराक कमी करा, जवळ जाऊ नका, दोन-तीन महिन्यांत उतरेल. दुसरी गोष्ट अलीकडे त्याचा सांगाडा तपासला तेव्हा पुढे आली, त्याच्या दाढा वेड्यावाकड्या वाढलेल्या. हत्तीच्या दाढा मागून पुढे सरकत येतात, पुढची झिजली की मागची जागा घेते, आणि झिजायला झाडपाला, साल, काटक्या चावाव्या लागतात. जम्बोला मिळायचं गवत, बिस्किटं, पाव. पुढची झिजेना आणि मागची दाबत राहिली. त्या रात्रीच्या धडका दाढदुखीच्या असणार, आणि तिच्यावर स्कॉट त्याला दारू पाजायचा. न्यूयॉर्कला गेल्यावर तीन-साडेतीन वर्षंच जगला, १५ सप्टेंबर १८८५ ला कॅनडातल्या सेंट थॉमसला मालगाडीने उडवला. पोटात नाणी, किल्ल्या असलं काय काय निघालं.

साधासुधा
सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे, पण मला हे कौतुकाने वाचवत नाही. ही माणसं जनावरांचे व्यापारी होती. मुक्ताईंनी शेळ्यांचं लिहिलं, पुढचं कोणी लिहिलं नाही.

मुक्ताई
बरोबर आहे तुमचं, लिहायला हवं. पिल्लू पकडायचं म्हणजे आईला मारायचं, ही तेव्हाची रीतच होती. सुदानातले हमरान शिकारी घोड्यावरून पाठलाग करून तलवारीने हत्तीच्या मागच्या पायाची शीर तोडायचे, मग तो जागचा हलू शकत नसे. जम्बोची आई अशीच गेली, ताहेर शरीफ नावाच्या शिकाऱ्याच्या टोळीने १८६२ च्या सुमारास ते पिल्लू पकडलं. मग वाळवंटातून आठवडे न् आठवडे चालत समुद्रापर्यंत. वाटेत कितीतरी पिल्लं मरायची. हागेनबेकने हे स्वतः लपवलेलं नाही. तिथपर्यंत पोचलेलं जनावर महाग असायचं त्यात न पोचलेल्यांची किंमत धरलेली असायची.

कोकणी_वारा
साधासुधा, मी धागा काढला तो कौतुकासाठी नाही. मला ती देणारी माणसं नीट दिसायला हवी होती. एल्बेवरचे कोळी, गोदीतला खलाशी, तिजोरी रिकामी झालेला दरबार, हे सगळे जवळ होतं ते विकत होते, घेणारा फार लांबचा आणि फार मोठा होता. भारतात १८७९ लाच हत्तींच्या रक्षणाचा कायदा आला खरा, पण त्यात परवाना काढून पकडायची सोय होतीच आणि सरकारला स्वतःला ओझी वाहायला हत्ती हवे होते. वाघ, सिंह, अस्वलं, बिबटे आणि माकडं आपल्या सर्कशींतून जायला १९९८ ची अधिसूचना आणि २००१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यावा लागला.

टिंबटिंब
आणि मंडालेतल्या त्या मुख्य हत्तीचं काय झालं? दरबारात राहिला होता तो.

कोकणी_वारा
राजाला बोटीवर घातल्यानंतर थोड्याच दिवसांत मेला. इंग्रज शिपायांनी त्याचं धूड राजवाड्यातून ओढत बाहेर काढलं, आणि मंडालेच्या लोकांना राज्य गेल्याची खात्री त्या दिवशी पटली असं सांगतात.

दख्खनी
कोकणी_वारा, छत्र्यांच्या सर्कशीतल्या जनावरांवर मी वेगळा धागा काढतोय, इथे फार लांबेल. तेव्हाच्या कोणत्या संस्थानाने काय दिलं याची यादी करायचा विचार आहे. मिरज, सांगली, कुरुंदवाड, जमखिंडी, तासगाव इकडच्या कोणाच्या घरी जुनी हँडबिलं, हिशेबाच्या वह्या किंवा फोटो असतील तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा. हँडबिलाचा अगदी फाटका तुकडा असेल तरी चालेल, त्यावर जनावरांची नावं छापलेली असतात. छत्र्यांपाठोपाठ आमच्या भागातून देवल, कार्लेकर अशा सर्कशी निघाल्या, त्यांचंही चालेल.

शिवार
माझ्या मामाच्या घरी तासगावला एक जुना फोटो आहे, तंबूसमोर हत्ती आणि फेटेवाली माणसं, मागे काही लिहिलंय पण शाई उडालीय. दिवाळीत जाईन तेव्हा मोबाइलवर काढून पाठवतो.